दुरुस्त करून आणलेलं घड्याळ पुन्हा पुन्हा पुढे पळतंय, मागे पडतंय किंवा सकाळी बंद सापडतंय? आधी हे तपासा

ही तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे, आणि स्वतःही इतका काळ भोगली आहे, की एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो. प्रकार नेहमी असाच असतो बघा, चावीवर चालणारं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने स्वतःच चावी भरून घेणारं) घड्याळ, छान चाललेलं असतं आणि अचानक रोज चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागतं, आपण दुरुस्तीला देतो, आठवड्याने परत आणतो, काही दिवस एकदम बरोबर चालतं आणि मग पुन्हा तेच. किंवा जुनं हौसेने घेतलेलं घड्याळ, दुकानात ठोके मोजायच्या मशीनवर लावलं की आकडे सुंदर येतात पण घरी आलं की संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागे. मग आपण कारागिरावर चिडतो, नाहीतर घड्याळ विकून टाकतो. माझं म्हणणं एवढंच की दोष परत परत येत असेल तर घड्याळ उघडायच्या आधी सात दिवस ते कुठे असतं, कसं ठेवलेलं असतं आणि किती चावी भरलेली असते हे बघा, कारण कारागिराच्या टेबलावर ते जसं असतं तसं ते तुमच्या घरी कधीच नसतं.

आधी किती चूक म्हणजे चूक, हे ठरवून घेऊ, कारण अर्ध्या तक्रारी इथेच संपतात. दिवसात 86,400 सेकंद असतात. त्यात 10 सेकंदांचा फरक पडला तर चूक एक टक्क्याच्या साधारण 86व्या भागाइतकी झाली, आणि हे काम एक केसासारखी बारीक स्प्रिंग आणि एक छोटं चाक करतंय, सेकंदाला 6 किंवा 8 ठोके देत, रात्रंदिवस. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था ज्याला क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ, म्हणते त्याला सुद्धा रोज सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी सूट असते, आणि ती परीक्षा 15 दिवस, 5 पोझिशनमध्ये आणि 3 तापमानांत घेतात. सेइकोच्या 4आर36 या खूप वापरल्या जाणाऱ्या मशीनसाठी (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेलाही मशीनच म्हणतात) कंपनीच रोज 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे अशी मर्यादा देते. प्रत्यक्षात ती बरीच चांगली चालतात, पण रोज 20 सेकंद पुढे जाणारं असं घड्याळ बिघडलेलं नाहीये, ते तसंच आहे. क्वार्ट्झवाल्यांना, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ वापरणाऱ्यांना, महिन्याला 15 सेकंदांची सवय असते, त्यामुळे पहिलं ऑटोमॅटिक घेतलं की धक्का बसतोच.

पण काल 8 सेकंद पुढे होतं आणि आज 4 मिनिटं, हे मात्र साधं नाही.

आता वही. खरंच एक छोटी वही घ्या किंवा मोबाइलमध्ये नोट उघडा. पहिल्या दिवशी पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या वेळेशी जुळवा, आणि त्यानंतर सात दिवस वेळ बदलायची नाही, फक्त फरक लिहायचा, सकाळी एकदा आणि रात्री काढताना एकदा. सोबत लिहायचं की रात्री कुठे ठेवलं आणि कसं ठेवलं, डायल वर होती की घड्याळ चावीच्या बाजूवर उभं होतं. रोज वेळ जुळवत बसलात तर काहीच कळत नाही, ही चूक मी दोन वर्षं केली. सात दिवसांचे चौदा आकडे समोर आले की घड्याळ स्वतःच सांगायला लागतं काय दुखतंय.

आकडे अचानक उडी मारून पुढे गेले, म्हणजे नेहमी 5-7 सेकंद आणि एका सकाळी थेट काही मिनिटं पुढे, तर पहिला संशय चुंबकाचा घ्यायचा. आतली हेअरस्प्रिंग म्हणजे गुंडाळीसारखी असते, वेटोळ्यांमध्ये थोडी थोडी जागा, ती श्वास घेतल्यासारखी उघडते आणि मिटते. तिच्यात चुंबकत्व आलं की शेजारची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते, आणि आखूड स्प्रिंग म्हणजे जलद ठोके, म्हणून घड्याळ पुढे पळतं. कधी कधी मागेही पडतं किंवा थांबतंही, पण बहुतेक वेळा पुढे. आता जुन्या घड्याळांत हा त्रास जास्त, कारण पूर्वी ही स्प्रिंग साध्या पोलादाची असायची. शार्ल एदुआर गियोम यांना 1920 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंच्या कामासाठी, आणि त्याच कामातून पुढे तापमानाने फारशी न बदलणारी स्प्रिंग आली, हे मला फार आवडतं, मनगटावरच्या एवढ्याशा वस्तूमागे एवढं मोठं काम आहे. आजच्या स्प्रिंग चुंबकाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, सिलिकॉनच्या तर अजिबात नाही, पण बाकीचे पोलादी भाग असतातच.

माझ्या घड्याळाची गोष्ट हीच. तीन वेळा दुरुस्तीला दिलं, तिन्ही वेळा कारागिराने चुंबकत्व काढून दिलं, तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुन्हा 5 मिनिटं पुढे. मला वाटायला लागलं की हा माणूस काहीच करत नाहीये. मग वही लिहिली तेव्हा दिसलं की दिवसभर ऑफिसात लॅपटॉपजवळ असूनही फरक 6 सेकंदांच्या आतच असायचा आणि उडी कायम सकाळीच दिसायची, आणि ती सुद्धा ज्या रात्री मी टॅबवर वाचत झोपलो त्या रात्रीनंतरच. झोपताना टॅब बंद करून उशाशी ठेवायचो आणि घड्याळ काढून सवयीने त्याच्यावर. टॅबच्या कव्हरच्या कडेला चुंबक असतात, झाकण बंद झालं की स्क्रीन आपोआप बंद होते ती त्यांच्यामुळेच. माझं घड्याळ आठ तास त्यांच्यावर झोपत होतं. जागा बदलली, चुंबकत्व एकदा काढून घेतलं, आणि त्यानंतर तो त्रास आजपर्यंत परत आला नाही.

तेव्हा आपल्या घरात अशी कुठली जागा आहे ते शोधा. टॅब आणि मोबाइलची चुंबकी कव्हरं, पाठीवर चुंबकांची गोल रिंग असलेले मोबाइल आणि त्यांचे चिकटणारे चार्जर, स्पीकर, इअरफोनची डबी, पर्स आणि बॅगचं टिचकन बंद होणारं बटण, फ्रिजच्या दाराची पट्टी, आणि हो, काही महागड्या घड्याळांच्या डब्यांच्या झाकणातही चुंबक असतो. दिलासा एवढा की चुंबकाचा जोर अंतराने फार झपाट्याने कमी होतो, त्यामुळे 10 सेंटीमीटर लांब ठेवलं तरी घरातल्या बहुतेक वस्तूंचं भय संपतं, पण चिकटवून ठेवलं तर मात्र काही खरं नाही. डायलवर किंवा मागे अँटीमॅग्नेटिक लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका, आयएसओ 764 या मानकात 4,800 अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण 60 गाऊस (गाऊस हे चुंबकाच्या जोराचं माप) एवढंच बघतात, आणि टॅबच्या कव्हरमधला चुंबक अगदी चिकटून असेल तर त्याच्या कितीतरी पुढे जातो. रोलेक्सने 1950च्या दशकात मिलगाऊस काढलं ते 1,000 गाऊससाठी, आणि ओमेगाने 2013 मध्ये 15,000 गाऊसच्या वर टिकणारी मशीन दाखवली, तेव्हा ही गोष्ट कंपन्यांनाही किती सतावत होती ते लक्षात येतं.

तपासायला एक साधं छोटं होकायंत्र घ्या. मोबाइलच्या ॲपनेही कळतं पण मोबाइलमध्येच चुंबक असतात तेव्हा मी त्यावर फार विसंबत नाही. होकायंत्र टेबलावर स्थिर ठेवा, घड्याळ हळूच जवळ आणा आणि सुईभोवती फिरवा. सुई जराशी ओढली जाणं चालतं, आत पोलाद असतंच, पण घड्याळ फिरवलं की सुई मागे मागे फिरते, एका बाजूला ओढते आणि दुसऱ्या बाजूला ढकलते, असं झालं तर चुंबकत्व आहे असं धरा.

चुंबकत्व काढायचं यंत्र छोटंसं असतं, आणि इथे एक चूक अगदी सगळेजण करतात, ती म्हणजे घड्याळ त्यावर ठेवून बटण दाबायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. असं केलं तर चुंबकत्व जात नाही, उलट वाढूही शकतं. यंत्रातलं क्षेत्र सतत दिशा बदलत असतं, आणि घड्याळ हळूहळू लांब नेलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं कमी होत शून्याकडे येतं, सगळी जादू त्या लांब नेण्यातच आहे. म्हणून बटण दाबून धरा, घड्याळ सावकाश वर उचलत हातभर लांब न्या आणि मगच बटण सोडा. दोन-तीनदा करा, मध्ये यंत्र थंड होऊ द्या कारण ते लवकर तापतं. सेलवाल्या घड्याळांवर हे करू नका, त्यांना गरजही नसते, चुंबकाजवळ ती थांबली तरी लांब नेली की बहुतेक पुन्हा चालू होतात, फक्त वेळ जुळवायची. आणि एवढं करूनही पुढे पळणं थांबलं नाही तर स्प्रिंगवर तेल आलं असेल किंवा धक्क्याने वेटोळी अडकली असतील, ते काम आपलं नाही, कारागिराचं.

दुसरा प्रकार, सकाळी घड्याळ बंद, किंवा सुट्टीच्या दिवशी मागे पडणारं. हा संग्रह करणाऱ्यांचा खास आजार आहे, कारण एकाचे सहा झाले की प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस मिळतो. ऑटोमॅटिक म्हणजे कायम भरलेलं असतं असा समज आहे, तो चुकीचा. हाताच्या हालचालीने आतलं फिरतं वजन, म्हणजे रोटर, फिरतो आणि घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग (ती हेअरस्प्रिंग नव्हे) भरते, दिवसभर खुर्चीत बसून कीबोर्डवर काम केलं तर हालचाल होते कितीशी? बंद पडलेलं घड्याळ दोनदा हलवून हातात घातलं तर ते अर्धपोटीच चालतं, आणि स्प्रिंगचा जोर कमी झाला की बॅलन्स व्हीलचा, म्हणजे हेअरस्प्रिंगसोबत झुलणाऱ्या त्या छोट्या चाकाचा, झोका लहान होतो, झोका लहान झाला की वेळही बदलते. नीट सर्व्हिस झालेल्या, पूर्ण भरलेल्या घड्याळात हा झोका साधारण 270 ते 310 अंश असतो, 200 च्या खाली गेला की विश्वास ठेवू नये.

उपाय अगदी सोपा आहे, घालायच्या आधी चावीने 30-40 फेरे द्या. ऑटोमॅटिकमध्ये जास्त चावी दिली तरी स्प्रिंग तुटत नाही, पूर्ण भरली की ती आतल्या आत घसरते, तशीच रचना असते. हाताने चावी द्यायच्या घड्याळात मात्र चावी अडली की थांबायचं, जोर लावायचा नाही. सेइकोच्या 7एस26 सारख्या मशीनमध्ये हाताने चावी देण्याची सोयच नाही, तिथे घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवायचं आणि मग घालायचं. पूर्ण भरलेलं घड्याळ काढून टेबलावर ठेवा आणि कधी थांबतं ते बघा, आत ईटीए 2824-2 हे मशीन असेल तर 38 तासांच्या आसपास, सेइको 6आर35 असेल तर 70 तास. आकडा जवळपास आला तर घड्याळ ठीक आहे, तुमची हालचाल कमी पडतेय. 38 ऐवजी 20 तासांतच थांबलं तर तेल सुकलंय किंवा स्प्रिंग थकलीय, सर्व्हिसिंगला द्या. फिरवत ठेवणारी वाइंडरची पेटी घ्यायची की नाही असं बरेचजण विचारतात, माझ्या मते तारीख-वार-चंद्र असं जुळवायला कटकटीचं काही असेल तरच घ्या, आणि तिच्या मोटारीतही चुंबक असतो तेव्हा होकायंत्र एकदा तिच्याजवळही नेऊन बघा.

तिसरा प्रकार पोझिशनचा, हा दोष नाहीच खरं तर, पण तक्रार म्हणून येतो. एकच घड्याळ डायल वर ठेवलं तर पुढे जातं आणि उभं ठेवलं तर मागे, कारण बॅलन्स व्हीलवर गुरुत्वाकर्षण आणि घर्षण दोन्ही बदलतात. कारागीर पोझिशनची सरासरी बघून लावतो, तुमचा दिवस त्या सरासरीसारखा नसतो. याचा फायदा करून घ्या. माझं एक घड्याळ दिवसभर हातावर 6 सेकंद मागे पडतं आणि रात्री डायल वर ठेवलं की 5 सेकंद पुढे येतं, म्हणजे चोवीस तासांत 1 सेकंदाचा फरक, महिनाभर हात लावावा लागत नाही. तुमचं कुठल्या बाजूला किती सरकतं हे वहीतच सापडेल.

आता चौथा प्रकार, आणि यावर थोडं थांबतो, कारण जुनी घड्याळं घेणाऱ्यांना हाच सगळ्यात जास्त छळतो आणि मशीनवर हा दिसतच नाही. माझ्याकडे 1960च्या दशकातलं एक हाताने चावी द्यायचं घड्याळ आहे, सडपातळ, डायल किंचित पिवळसर पडलेली, फार जीव आहे माझा त्याच्यावर. ते रोज 10 ते 20 मिनिटं मागे पडायचं, रोज वेगळं. दोनदा पूर्ण साफसफाई आणि ऑइलिंग झालं. टाइमग्राफर म्हणजे ठोके ऐकून आकडे देणारं जे मशीन असतं, त्यावर दोन्ही वेळा 5 सेकंद पुढे, झोका 280. कारागीर म्हणाला घड्याळ उत्तम आहे, आणि तो खरंच बोलत होता.

एका रविवारी मी सेकंद काट्याकडेच बघत बसलो. सेकंद काटा मोबाइलच्या सेकंदाशी अगदी जुळून चाललेला, दोन तासांनीही जुळलेला, पण मिनिट काटा 3 मिनिटं मागे. म्हणजे हृदय बरोबर चाललंय आणि काटे मागे राहतायत. तेव्हा कळलं की कॅनन पिनियन सैल झालंय. हा एक छोटा नळीसारखा भाग, मधल्या चाकाच्या दांड्यावर घट्ट बसलेला, मिनिट काटा त्याच्यावर असतो, वेळ लावताना तो घसरतो म्हणून आपल्याला काटे फिरवता येतात, आणि एरवी त्याने घट्ट धरून राहायचं असतं. पन्नास-साठ वर्षांत हजारो वेळा वेळ लावून ती पकड झिजते. मशीन फक्त ठोके ऐकतं, काटे कुठे आहेत ते त्याला माहीतच नसतं.

ओळखायची खूण सांगतो, सेकंद काटा बारावर असताना मिनिट काटा बरोबर एका रेषेवर आणा, आणि दर तासाला बघा सेकंद काटा बारावर आला की मिनिट काटा अजून रेषेवरच आहे का. दोन रेषांच्या मध्ये सरकायला लागला तर पकड सैल आहे. वेळ लावताना चावी अगदी हलकी, लोण्यासारखी फिरत असेल तर तीही खूण. दुरुस्ती लहान आहे पण नाजूक आहे, पिनियन किंचित दाबून पुन्हा पकड आणतात, जास्त दाबलं तर तुटतं. सर्व्हिसिंगला देताना हे वेगळं सांगावं लागतं. म्हणूनच जुनं घड्याळ घेताना मशीनवरच्या आकड्यांच्या फोटोवर समाधान मानू नका, दोन व्हिडिओ मागा, एक आत्ताचा आणि एक सहा तासांनंतरचा, शेजारी चालू मोबाइलची वेळ दिसेल असे, आणि तिसऱ्या एका व्हिडिओत चावी ओढून काटे फिरवताना दाखवायला सांगा. मागचं झाकण मात्र घरी उघडू नका, आणि काट्यांवर रात्री चमकायचं जुनं रंगद्रव्य असेल तर अजिबातच नाही, 1960च्या दशकापर्यंत त्यात रेडियम असायचं, त्याची धूळ श्वासात जाणं वाईट.

तारीख दुपारी बदलते ही तक्रार मात्र दोन मिनिटांची, काटे बारा तास पुढे फिरवा, झालं. पण रात्री 9 ते पहाटे 3 या वेळात तारखेची झटपट सेटिंग वापरू नका, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, दात मोडतो.

सेलवाल्यांसाठी एवढंच की सेकंद काटा अचानक दोन किंवा चार सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर तो बिघाड नाही, सेल संपत आलाय हे सांगायची ती पद्धत आहे. नवा सेल सारखाच चार-पाच महिन्यांत संपत असेल तर आधी सेलवरचा क्रमांक बघा, एसआर लिहिलेला सिल्व्हर ऑक्साइडचा हवा, एलआर लिहिलेला नको, तो मापाने तोच बसतो पण लवकर उतरतो आणि गळतोही. क्रमांक बरोबर असूनही संपत असेल तर आतलं तेल घट्ट झालंय आणि मोटार जास्त वीज खातेय, तेव्हा सेल बदलत बसू नका, साफ करून घ्या.

आणि शेवटी दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर नुसतं "पुढे पळतंय" असं सांगून ठेवून येऊ नका. घड्याळासोबत चिठ्ठी द्या, तिच्यावर सात दिवसांचे आकडे, उडी सकाळी दिसली की संध्याकाळी, पूर्ण चावीवर किती तास चाललं, सेकंद काटा जुळतो का आणि मिनिट काटा जुळतो का हे वेगवेगळं, होकायंत्राची सुई फिरली की नाही, आणि शेवटचं ऑइलिंग कधी झालं. तिसऱ्या खेपेला मी जुन्या घड्याळासोबत अशी चिठ्ठी दिली, कारागिराने ती उभ्या उभ्या वाचली, भिंग डोळ्याला लावलं, चावी ओढून काटे एकदा फिरवून बघितले आणि म्हणाला हे आधी का नाही सांगितलंत, उद्या घेऊन जा.